शुक्रवारचे ठिपके

अम्मानजवळच्या जरका शहरातल्या, विशेष मुलांच्या त्या सेंटरमध्ये मिस इन्साफचा धाक होता. तो काही आवाजाचा नव्हता, कारण तिचा आवाज मुळातच बसका. धाक होता तिच्या शंकांचा. पंचावन्न वर्षांची, अविवाहित, भावाच्या घरातल्या वरच्या मजल्यावर राहणारी ही बाई घरातून निघताना गॅसची कळ तीनदा बघायची आणि जिना उतरून पुन्हा वर जाऊन चौथ्यांदा. मुलींच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं तेव्हाही तिचं हेच होतं. पेपर तपासून झाले की बेरीज खालून वर आणि वरून खाली. सहकारी बायका हसायच्या, पण स्वतःच्या वर्गाची बेरीज मात्र तिच्याकडूनच तपासून घ्यायच्या.

लवकर निवृत्ती घेतल्यानंतर ती या सेंटरमध्ये आली ती भाच्याला न्यायला. भाचा बोलत नसे, गोल फिरत बसे, आणि त्याच्यासारखी तीसेक मुलं तिथे यायची. प्रत्येक मुलाचा एक आलेख भिंतीवर लावलेला. कोण दिवसातून किती वेळा चावतं, कोण किती वेळा स्वतःहून पाणी मागतं, सगळं मोजून ठिपक्यांत. मध्ये एक उभी तुटक रेघ, रेघेच्या डावीकडे उपाय सुरू होण्याआधीचे दिवस, उजवीकडे नंतरचे. इन्साफ भाच्याची चप्पल शोधत उभी असताना दोन शिकवणाऱ्या पोरी एका आलेखावरून भांडत होत्या. एक म्हणत होती सुधारणा आहे, दुसरी म्हणत होती नाही. इन्साफ म्हणाली, "अगं, रेघेच्या आधीपासूनच उतरतंय ते. तुमच्या उपायाचं त्यात काय कौतुक?" आठ वर्षं झाली त्याला. तेव्हापासून दर रविवारी ती तिथे आलेख वाचायला शिकवते.

तिची शिकवण्याची रीत साधी होती. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर तिने शंभरेक खोटे आलेख काढले होते. एकेक दाखवायचा आणि विचारायचं, बदल झाला की नाही झाला? मग शिवणाच्या डब्यातले दोन दोरे काढायचे. लाल दोरा आधीच्या ठिपक्यांच्या सरासरीवर आडवा ताणायचा, रेघेच्या पलीकडेपर्यंत. निळा दोरा आधीच्या ठिपक्यांचा कल धरून, जसा चढत असेल किंवा उतरत असेल तसाच पुढे न्यायचा. नंतरचे ठिपके दोन्ही दोऱ्यांच्या खाली पुरेसे पडले तरच म्हणायचं, बदल झाला. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. "डोळ्याला जे हवं असतं ते दिसतं," ती म्हणायची. "दोऱ्याला काही नको असतं."

तीन वर्षांपूर्वी तिने हट्टाने मुलांच्या आयांनाही वर्गात बसायला लावलं. सेंटरचे प्रमुख डॉक्टर वाइल नाखूश होते. पण इन्साफचं म्हणणं, मूल दिवसाचे सहा तास इथे आणि अठरा तास घरी असतं, मग घरचं कोण मोजणार? त्या आयांतच होती उम कुतैबा, म्हणजे थोरल्या कुतैबाची आई. सातवीपर्यंत शिकलेली, चार मुलांची आई, हाताला कायम कणकेचा वास. तिची धाकटी मुलगी सदीन आठ वर्षांची होती, आणि या सगळ्या गोष्टीचा जीव त्या सदीनच्या उजव्या डोळ्यात अडकला होता.

सदीन स्वतःच्या चेहऱ्यावर मुठी मारायची. काही नको असलं की, काही हवं असलं की, कधी नुसतंच. मारून मारून डावा डोळा गेला होता. उजव्याच्या आतल्या पडद्यावर अम्मानच्या डॉक्टरांनी एकदा शस्त्रक्रिया केली होती आणि बजावलं होतं, पुन्हा मार बसला तर मुलीला माझ्याकडे आणू नका, माझ्या हातात काही उरणार नाही. तेव्हापासून दीड वर्ष तिच्या डोक्यावर मऊ गादीचं हेल्मेट होतं, पुढे डोळ्यांवर जाड पारदर्शक ढाल. झोपतानासुद्धा. केसांत घामाच्या पुळ्या उठायच्या. चुलतभावंडं तिला घाबरायची, म्हणून दोन ईद उम कुतैबा तिला घेऊन घरीच बसली आणि बाकी सगळे आजोबांकडे गेले.

यंदा नवा उपाय ठरला होता. सदीनला चित्रांचे पत्ते द्यायचे, काम नको असेल तर तिने पत्ता उचलून द्यायचा, आणि तो दिला की काम लगेच थांबवायचं. म्हणजे मूठ उचलायची गरजच पडू नये. सगळी तयारी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाली होती, पण उम कुतैबाने डॉक्टर वाइलना गळ घातली, पहिल्या रोज्यापासून सुरू करा, त्या दिवसाला बरकत असते. डॉक्टर स्वतः रोजे धरणारे. त्यांनाही पटलं. इन्साफलाही पटलं, आणि त्याबद्दल पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

आलेखावर तुटक रेघ पडली आणि ठिपके धाडकन खाली आले. आधी रोज साठ-बासष्ट ठोसे, नंतर एकतीस, एकोणतीस, तेहतीस. एकही ठिपका आधीच्या ठिपक्यांना शिवत नव्हता. लाल दोरा लावला, निळा लावला, सगळे खाली. रहाफ नावाची एक चुणचुणीत शिकाऊ पोरगी वर्गात म्हणाली, "मिस, हा तर तुमच्या पुठ्ठ्यांपेक्षा चांगला आहे. पुठ्ठा करून ठेवा याचा."

"गप बस," इन्साफ म्हणाली, आणि तिने कागद उलटा करून ठेवला.

का ठेवला हे तिला सांगता येईना. चांगलं झालेलं तिला आयुष्यात कधी सहज पचलेलं नव्हतं हे खरं, आणि घरचे तिला त्यावरून चिडवायचेही. पण हे काही वेगळं होतं. सेंटर लवकर सुटलं की ती तो कागद घरी न्यायची, काचेच्या टेबलावर ठेवायची, दोरे ताणायची, मोजायची, आणि पुन्हा मोजायची. उत्तर तेच यायचं. तरी पहाटे सहरीला उठल्यावर घास गिळताना तिला तो कागदच डोळ्यांसमोर दिसायचा. कागद बरोबर, दोरे बरोबर, सेंटरमध्ये ठोसे मोजणारी पोरगी प्रामाणिक. मग माझं काय चुकतंय?

एकच आधार होता. तिनेच नियम घातला होता की हेल्मेट काढायचं तर सेंटरचा आणि घरचा, दोन्ही आलेख तीन आठवडे खाली हवेत. आणि घरचाही खाली आला. उम कुतैबा दुपारच्या असरच्या अजानपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत मोजायची, जपमाळेवर. एक ठोसा, एक मणी. आधी अठ्ठावीस-तीस यायचे, आता चौदा, पंधरा, तेरा. दोन ठिकाणं, दोन माणसं, एकच गोष्ट सांगत होती. याहून जास्त पुरावा कुणाला हवा असतो? ईदच्या आठवडाभर आधीच्या गुरुवारी बैठक ठरली. हेल्मेट ईदच्या सकाळी उतरणार. बाप अबू कुतैबा बस चालवायचा, त्याने आगाऊच पिवळा फ्रॉक आणला आणि साऱ्या स्टँडवर सांगून ठेवलं की यंदा माझी पोरगी उघड्या डोक्याने आजोबांकडे जाणार.

बुधवारी साडेबाराला सेंटर रिकामं झालं. इन्साफ मात्र अडीच वाजेपर्यंत थांबून राहिली. दोन्ही कागद तिने खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, का कुणास ठाऊक, बहुतेक शेवटचं एकदा समाधान करून घ्यायला. उन्हात दोन्हीकडचे ठिपके दिसले, आणि तिला दिसलं की रेघेनंतर दोन्ही कागदांवर पाच ठिपके, मग दोन चौकटी मोकळ्या, पुन्हा पाच, पुन्हा दोन मोकळ्या.

सेंटरच्या कागदावर त्या मोकळ्या चौकटी असणारच. शुक्रवार आणि शनिवार सेंटर बंद. पण घर शुक्रवारी बंद नसतं. रेघेच्या आधी, इन्साफच्या देखरेखीखाली मोजत होती तेव्हा, उम कुतैबाचे सातही दिवस भरलेले होते. रेघेनंतरच तिचे शुक्रवार गायब झाले होते. दोऱ्यांना मोकळ्या चौकटी दिसत नाहीत, आणि इन्साफ तीन आठवडे दोऱ्यांच्या डोळ्यांनीच बघत बसली होती.

ती कागद घेऊन उम कुतैबाच्या घराकडे निघाली. शेअर टॅक्सी मिळेपर्यंत अर्धा तास गेला, तो तिने फुटपाथवर येरझाऱ्या घालत काढला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उद्या गुरुवार. उद्या सगळे सह्या करणार.

ती पोचली तेव्हा असरची अजान नुकतीच होऊन गेली होती. उम कुतैबा स्वयंपाकघरात कतायफच्या गोड घावनांचं पीठ घोटत होती, मनगटावर जपमाळ गुंडाळलेली. कोपऱ्यातल्या गादीवर सदीन बसली होती, हातात बाटलीचं झाकण. इन्साफ दारात उभी राहिली तेवढ्यात मूठ उठली आणि हेल्मेटवर धप्प आवाज झाला. उम कुतैबाने न बघता मणी सरकवला. आणि मग बघितलं तर दारात मिस.

"या ना मिस, आत या. आज बुधवारी कशा? काही झालं का?"

"काही नाही. तू तुझं पीठ घोट."

इन्साफ स्टुलावर बसली. पंधरा-वीस मिनिटं ती ईदच्या बिस्किटांबद्दल, खजुराच्या भावाबद्दल बोलत राहिली आणि मनात मोजत राहिली. चार झाले. अर्ध्या तासाच्या आत पाचवा झाला. मग तिने विचारलंच.

"उम कुतैबा, शुक्रवारी सदीन कुठे असते गं?"

"कुठे असणार? इथेच, माझ्या पायांत."

"मग शुक्रवारी हात उचलत नाही का ती?"

पीठ घोटणारा हात थांबला. उम कुतैबाने पातेलं बाजूला सरकवलं. मग तिने मानेनेच फ्रिजकडे दाखवलं. फ्रिजवर इम्साकिया चिकटवलेली होती, किराणावाल्याने फुकट वाटलेला रमजानचा कागद, तीस दिवसांच्या सहरी-इफ्तारच्या वेळांचा. सरलेल्या प्रत्येक दिवसापुढे पेन्सिलीने एक बारीक आकडा. सत्तावीस. एकोणतीस. सव्वीस. एकतीस. अठ्ठावीस. शुक्रवारही होते, शनिवारही होते. एकही खाली आलेला नव्हता.

"हे खरे आहेत?" इन्साफने विचारलं.

"हे खरे."

"आणि तू मला दिलेस ते?"

"तुमच्या ग्रुपवर फोटो यायचा ना सेंटरच्या आलेखाचा, त्यावरून काढले. निम्मे करून." ती आता डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसत होती, पिठाचे हात तसेच. "काय करू मिस? तुमच्याकडे गेली की पोरगी शहाणी, घरात आली की हे असं. म्हणजे खोट माझ्या घरातच ना? माझ्या आवाजात असेल, हातात असेल, मला काय माहीत. ह्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, सेंटर बरं करतंय आणि तू बिघडवतेस. आणि तुम्ही वर्गात एवढे पुठ्ठे दाखवलेत, चांगला आलेख कसा दिसतो ते. मला पाठच झालं होतं. तसा काढला."

इन्साफला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच. वर्गात कुणी "बदल झाला" असं बरोबर ओळखलं की ती शाब्बास म्हणायची, तेव्हा तिचा आवाज कसा मोकळा व्हायचा ते तिला आठवलं. "नाही झाला" असं बरोबर सांगणाऱ्याला ती नुसती मान हलवायची. बायकांनी नेमकं तेच शिकून घेतलं होतं.

"बरं झालं तू लिहून ठेवलंस," ती म्हणाली. "फाडलं नाहीस."

"ईदला हेल्मेट काढतील, मिस. मी रात्रभर तोच विचार करते. तोंड उघडलं तर नवरा, नाही उघडलं तर डोळा. आज दुपारी तर ती आल्या आल्या..."

"थांब. दुपारी किती वाजता येते ती?"

"आता? पाऊण-एकला बस सोडते. रमजानच्या आधी अडीचला यायची. रमजानात सेंटर लवकर सुटतं ना तुमचं."

इन्साफ उठली, पुन्हा बसली. आधी आठ ते दोन, सहा तास. रमजानात साडेनऊ ते साडेबारा, तीन तास. दिवसाला साठ, दिवसाला तीस. बावीस वर्षं पोरींना भागाकार शिकवला आणि स्वतः भागायला विसरली. तीन आठवडे ती स्वतःच दुपारी साडेबाराला त्या दारातून बाहेर पडत होती, लवकर सुटल्याच्या आनंदात, काखेत तोच कागद घेऊन. पत्त्यांनी काहीच केलं नव्हतं. ठोसे कमी झाले नव्हते, दिवस कमी झाला होता.

तिने ते उम कुतैबाला सांगितलं. पहिल्यांदा बाईला कळलं नाही, म्हणून इम्साकियाच्या कोपऱ्यात आकडे मांडून दाखवले. साठला सहाने भाग. तीसला तीनने भाग. आणि हे घरचे, पावणेतीन तासांचे.

"म्हणजे तिकडेही तेवढंच?" उम कुतैबाने विचारलं.

"तेवढंच. तासाला दहा. तिकडे दहा, इकडे दहा."

"आधीही?"

"आधीही."

उम कुतैबा ओट्याला टेकली आणि कोपराच्या आड तोंड लपवून रडायला लागली. इन्साफला वाटलं, आशा गेली म्हणून रडते आहे. पण ती मध्येच म्हणाली, "मग माझ्या घरात काही वाईट नाही."

"नाही गं बाई. काही वाईट नाही."

त्या रात्री मात्र इन्साफला झोप लागली नाही. चूक कबूल करायची भीती तिला नव्हतीच म्हणा, चुकीच्या भीतीतच तिचं आयुष्य गेलं होतं. भीती वेगळीच होती. लोक इतके आनंदात आहेत की ऐकणारच नाहीत. पिवळा फ्रॉक आणलाय. आजोबांना कळवलंय. आणि तिच्याच दोन दोऱ्यांनी त्यांना सांगितलंय की बदल झाला.

गुरुवारी बैठकीला सगळे हसतमुखाने जमले, सदीनचे आईबापही. तिने फळ्यावर तास मांडले, भागाकार केला, नवे ठिपके काढले, आणि ते रेघेच्या दोन्ही बाजूंना एका पातळीत पसरले. रहाफ हळूच म्हणाली, "पण मिस, दोन्ही दोऱ्यांखाली सगळे होते की."

"दोरे बरोबर होते. मी त्यांना चुकीचा कागद दिला."

डॉक्टर वाइल चष्मा पुसत म्हणाले, "ठीक, सेंटरचं समजलं. पण घरचा आलेख? घरी तर वेळ तीच होती."

सगळ्यांनी इन्साफकडे बघितलं. इन्साफने ठरवलं होतं की यावर आपण उम कुतैबाला सांभाळून घेत काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून न्यायची. आयुष्यात पहिल्यांदा. तिने तोंड उघडलं, पण त्याआधीच उम कुतैबा उभी राहिली.

"तो खोटा आहे. मी काढलाय. खरा हा." तिने पिशवीतून घडी घातलेली इम्साकिया काढून नवऱ्यासमोर ठेवली.

अबू कुतैबाने ती बराच वेळ वाचली. एकेका आकड्यावर त्याचं बोट थांबत होतं. "आणि तू मला फ्रॉक आणू दिलास," तो बायकोला म्हणाला.

"दिला."

"स्टँडवर सगळ्यांना सांगितलं मी."

"माहीत आहे."

मग तो इन्साफकडे वळला. "आणि तुम्ही मिस? तीन आठवडे छान छान म्हणत होतात. मी काल काढलं असतं हेल्मेट, फोटो काढायला. बायकोने ओढून धरलं म्हणून राहिलं. काढलं असतं तर?"

"तर ते माझ्यामुळे झालं असतं," इन्साफ म्हणाली.

"मग आता कधी निघणार हे?"

ती या सेंटरमध्ये आठ वर्षं कुणाला ना कुणाला उत्तर देत आली होती. "माहीत नाही, अबू कुतैबा," ती म्हणाली. "उपाय बदलावा लागेल. ताशी मोजावं लागेल. मला खरंच माहीत नाही."

तो उठला आणि बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, पण बंदही केलं नाही. इन्साफ फळा पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

ईदचे दोन दिवस ती भावाच्या घरात पाहुण्यांना कॉफी देत होती आणि दर घटकेला फोन बघत होती. माणूस रागावला की काय करेल सांगता येत नाही. हट्टाने काढलं असेल तर? आजोबांसमोर मान खाली जायला नको म्हणून, एका दुपारपुरतं? तिने फोन करायला तीनदा नंबर काढला आणि तीनदा मिटवला. आपण आता कोणत्या तोंडाने विचारणार?

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर मेसेज आला. उम कुतैबाचा. "ईद मुबारक मिस. आजोबांकडे आहोत, सगळे. ह्यांनीच तिला उचलून आणलं, हेल्मेट घालूनच. फ्रॉकही घातलाय. असर ते मगरिब, सत्तावीस. खरे."

इन्साफ पाहुण्यांमधून उठून वर गेली. नवा कागद काढून तिने त्या शुक्रवारच्या चौकटीत ठिपका दिला. इतका वाईट आकडा, आणि तिला हुंदका फुटला तो सुटकेचा. सत्तावीस ठोसे, आणि सत्तावीसच्या सत्तावीस हेल्मेटवर पडले होते.